मोजणीत न आलेले वाचक

तिला आम्ही पोस्टमास्तरीण म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते चिकटलं याचा मला अजूनही अभिमान वाटतो. ती होती गावाच्या टोकाला असलेल्या एका छोट्या विज्ञान कॉलेजची ग्रंथपाल. मी होते त्याच गावातल्या मोठ्या, पैसेवाल्या इंजिनिअरिंग कॉलेजची. माझ्याकडे काचेचे दरवाजे, गार हवेचं यंत्र आणि चार मदतनीस. तिच्याकडे एक लांबट खोली, लोखंडी कपाटं आणि एक खिडकी, जी उघडी ठेवायची तर तिच्यात लाकडाचा ठोकळा अडकवावा लागे. तरीही गावातल्या कुठल्याही कॉलेजच्या मास्तरांना एखादा दुर्मिळ लेख हवा असला की लोक माझ्याकडे येत नसत, तिच्याकडे जात. मला याचा राग यायचा. पुढे सवय झाली.

तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. एकदा कुठल्याशा पुस्तकाचा एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, बांधणीत राहून गेला आणि त्यांना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. ते ऐकत ती लहानगी दाराशी उभी होती म्हणे. तेव्हापासून तिला पानं तपासायची खोड लागली, आणि जित्याची खोड कुठे जाते? पुस्तक परत आलं की ती वाचकाला समोर उभं करून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायची. एकदा तिच्या प्राचार्यांनाही तिनं असंच उभं केलं. पुस्तकातला एक नकाशा गायब होता. "सर, अपुरं पुस्तक मी घेत नाही. घरी बघा, सापडेल," असं म्हणून तिनं ते त्यांच्या हातात परत दिलं. नकाशा दुसऱ्या दिवशी आला. प्राचार्य त्यानंतर शिपायाला पाठवायला लागले.

तेव्हा आमची शनिवारची पिशवी होती. गावात आणि आजूबाजूला मिळून सहा-सात कॉलेजं, आणि कुठल्याच ग्रंथालयात सगळं नाही. मग तिनं जाड कापडाची एक खाकी पिशवी शिवली. दर शनिवारी ती पिशवी एका ग्रंथालयातून दुसऱ्यात फिरायची. ज्याला जे हवं त्यानं चिठ्ठी टाकायची, ज्याच्याकडे असेल त्यानं पुस्तक नाहीतर लेखाची झेरॉक्स टाकायची. या देवघेवीला ना करार होता ना शिक्का. पिशवी कुठे अडली की पोस्टमास्तरीण स्वतः बसनं जाऊन सोडवून आणायची. माझ्याकडे एकदा आठवडाभर पडून राहिली तर मला म्हणाली, "अगं, तुझ्याकडे पुस्तकं कामाला येतात की माहेरपणाला?"

या पिशवीचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते गोगलगाय सर. तिच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि डबक्यातल्या, ओढ्यातल्या नखाएवढ्या गोगलगायी हा त्यांचा जन्माचा ध्यास होता. ती त्यांची विद्यार्थिनी. कॉलेज नवीन होतं तेव्हा ग्रंथालयाची पहिली दोन कपाटं सरांनीच दारोदार मागून भरली होती, आणि ती पदवीधर झाल्यावर "हिला किल्ल्या द्या, ही पानं मोजते," असं सांगून तिला चिकटवणारेही तेच. सर निवृत्त झाले, त्यांची नजर अधू झाली, हात थरथरायला लागला, पण काम थांबलं नाही. दर शुक्रवारी ते भिंग घेऊन खिडकीखालच्या खुर्चीत येऊन बसायचे. आणि त्यांचा कुठलाही लेख छापून आला की शेवटच्या पानावर आभारांत हिचा उल्लेख असायचाच. ती लेख हातात घ्यायची आणि आधी शेवटचं पान उघडायची. मी चिडवायचे, "अगं, गोगलगायींचं काय झालं ते तरी वाच." ती म्हणायची, "त्या कुठे पळून जातायत?"

तिनं लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. धाकटी बहीण लवकर विधवा झाली, ती हिच्याकडेच राहायला आली. दोन खोल्यांचं घर, दोघी बहिणी, आणि घरभर ग्रंथालयातून फाटून आलेली, शिवायला आणलेली पुस्तकं. धाकटी वैतागायची. "आमच्या ताईला माणसं आवडतात, पण बांधीव," असं ती मला एकदा म्हणाली होती.

मग कन्सॉर्शियम आलं. म्हणजे एवढंच, की कॉलेजांनी संघ करून एकत्र वर्गणी भरायची आणि जगभरातली नियतकालिकं संगणकावर सगळ्यांना खुली व्हायची. पिशवी नको, झेरॉक्स नको, बस नको. उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर नियतकालिकांची नावं सरकत होती. पोस्टमास्तरीण माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या डोळ्यांना चक्क धार लागली होती. मी कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "अगं, आपलीच पिशवी आहे ही. मोठी झालीय फक्त."

इथंच सगळं चुकलं. ती खरंच कन्सॉर्शियमला पिशवी समजली.

पिशवीचा एक रिवाज होता, तिनंच घातलेला. सगळ्यांच्या मालकीचं असतं ते जपून घ्यायचं. एकाने मागवलेली झेरॉक्स दुसऱ्याने पुन्हा मागवायची नाही, तीच फिरवायची. तोच रिवाज तिनं संगणकाला लावला. कोणाला लेख हवा असला की ती तो एकदाच उतरवून घ्यायची, सरांना दिसावा म्हणून मोठ्या टायपात छापायची, आणि सुईदोऱ्यानं शिवायची, कारण पिना गंजतात. मग तो लेख फिरायचा. आधी सर, मग वनस्पतिशास्त्राच्या मॅडम, मग रसायनवाले, मग संशोधनाची मुलं, मग शेजारच्या दोन कॉलेजांतले मास्तर, ज्यांची कॉलेजं वर्गणी न परवडल्यामुळे संघात आलीच नव्हती. एकेक लेख दहा-बारा हातांतून जाऊन मऊ होऊन परत यायचा. प्रत्येकावर सरांची थरथरती शिसपेन्सिल असायची, कारण पुढच्यांना कुठला परिच्छेद महत्त्वाचा ते सर खुणेनं दाखवून ठेवायचे. मग त्या खुणांना उत्तर म्हणून कोणाची हिरवी शाई, कोणाचं भांडण, कोणाचं "असहमत!" कधीकधी समासातली मारामारी मूळ लेखापेक्षा वाचनीय असायची.

मी तिला म्हटलंही होतं, "अगं, ज्याला हवं त्याला उतरवू दे की. संपतंय का ते?"

"नसेल संपत. पण सगळ्यांचं आहे ना, मग हपापल्यासारखं कशाला घ्यायचं?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. यंत्राला तिची भीड कशी कळणार? यंत्र मोजत होतं ते बोटानं दाबलेलं बटण. दहा जणांनी दहादा उतरवलं की वापर दहा, आणि दहा जणांनी एकच कागद वाचला की वापर एक. माझ्याकडची मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी शंभर लेख उतरवून घ्यायची आणि एकही वाचायची नाहीत. आमचा आलेख नेहमी छताला टेकलेला. अहवालात आमचं कौतुक छापून यायचं आणि मी ते प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे.

एका वर्षी पत्र आलं. ज्या कॉलेजांचा वापर सलग कमी आहे, त्यांना संघातून वगळण्याचा विचार आहे, म्हणणं मांडायचं असेल तर वार्षिक बैठकीला यावं. तिच्या कॉलेजचं नाव त्यात पहिलंच होतं. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. चेहरा असा, की जणू घरात कोणी आजारी असल्याचं कळलंय.

"आमच्याकडे वाचत नाहीत म्हणतात," ती म्हणाली.

"मग दाखव ना त्यांना! ते शिवलेले लेख घेऊन ये सगळे. समासच उघडून समोर ठेव. म्हणावं, मोजा आता हे."

तिला ते पटलं. तिच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता आणि मागे काहीतरी चालू ठेवून जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. शिवाय सरांचं मोठं काम, सगळ्या गोगलगायींची एकत्र ओळख करून देणारा प्रबंध, शेवटाला आलं होतं. त्यांना अजून बरेच जुने लेख लागणार होते आणि ते या संघाशिवाय कुठून मिळणार? ती म्हणाली, "सरांचं पूर्ण होईपर्यंत तरी दार उघडं राहायला हवं गं."

बैठक माझ्याच कॉलेजच्या सभागृहात होती. समन्वयक तरुण होता, सभ्य होता, सगळ्यांना "ताई", "सर" करत होता. मी मनात त्याचं नाव मोजणीवाला ठेवलं. त्यानं पडद्यावर उभे पट्टे दाखवले. आमचा पट्टा ताडमाड. पोस्टमास्तरणीच्या कॉलेजच्या नावावर पट्टा होता की पडद्यावरचा डाग, कळत नव्हतं. ती मांडीवर तीच जुनी खाकी पिशवी घेऊन बसली होती. आत शिवलेल्या लेखांचा गठ्ठा.

तिची पाळी यायच्या आधी त्यानं एक सूचना वाचली. एका प्रकाशकाची तक्रार आली होती. लेखांच्या प्रती बाहेर जातात. निवृत्त शिक्षक, संघाबाहेरची कॉलेजं, यांना लेख देणं कराराविरुद्ध आहे. "पुन्हा असा पुरावा सापडला," मोजणीवाला म्हणाला, "तर ते एका कॉलेजचं नाही, पूर्ण गटाचं बंद करतील. तेव्हा कृपा करून काळजी घ्या."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पिशवीतून वरचा लेख अर्धा बाहेर काढला होता. उघड्या समासात सरांची पेन्सिल दिसत होती, आणि खाली शेजारच्या कॉलेजच्या मास्तरांची लफ्फेदार सही. अशी काही ना काही खूण असलेला प्रत्येक कागद ती घेऊन आली होती. कारण वाचल्याचा तेवढाच पुरावा होता. आणि तोच आता हात दाखवून अवलक्षण झाला होता.

"ताई, तुमचं कॉलेज," मोजणीवाला अगदी मवाळपणे म्हणाला. "कोणी वाचत असेल, तसं काही दाखवता आलं, तर मी स्वतः समितीपुढे मांडीन. मला कोणाला काढायला आवडत नाही."

तिनं लेख परत पिशवीत सरकवला. वरून नाडी ओढली. मग उभी राहिली आणि वर्गात हजेरी देतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाली, "आमच्याकडे वाचक नाहीत. तुमची मोजणी बरोबर आहे."

मी टेबलाखालून तिचा हात ओढला. तिनं तो सोडवून घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. जिनं अख्ख्या गावाला वाचायला लावलं, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की आमच्याकडे कोणी वाचत नाही. आणि ते टिपून घेतलं गेलं.

जिन्यात मी तिला फाडफाड बोलले. "अगं, वेड लागलंय का तुला? निदान तुझ्या कॉलेजातले चार मास्तर तरी सांगायचे होतेस!"

"त्यांनी पुरावा मागितला असता. आणि प्रत्येक कागदावर सर आहेत." मग म्हणाली, "सगळ्यांचंच बंद झालं असतं गं. तुझ्या पोरांचंही."

"माझी पोरं वाचत नाहीत!"

"वाचतील कधीतरी," ती म्हणाली. मला तेव्हा तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि मिठीही मारावीशी वाटली. मी दोन्ही केलं नाही. तिनं माझ्याकडून शब्द घेतला. सरांना त्या तक्रारीचं काही सांगायचं नाही. "ज्यांनी ग्रंथालय उभं केलं, त्यांना कोणी बाहेरचा माणूस म्हणालं, हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. या वयात नको."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी तिच्याकडे गेले होते. सर आले, खुर्चीत बसले, भिंग काढलं. तिनं त्यांच्यासमोर एक जुनाच लेख ठेवला. सरांनी समासातल्या स्वतःच्या खुणा पाहिल्या.

"हा झालाय माझा. ते नवीन मागवलेले?"

"सर, आपल्याला संघातून काढलं. आता मिळणार नाहीत."

"काढलं? कारण काय?"

"वापर कमी म्हणतात. वाचक नाहीत."

सर हसले. त्यांना खरंच विनोद वाटला. "वाचक नाहीत? अगं, मग मी इथं इतकी वर्षं काय माशा मारत बसलोय? सांगितलं नाहीस त्यांना? मी आहे ना. माझं नाव सांगायचं."

ती टेबलावरचा दोरा गुंडाळत राहिली.

"सांगितलंस ना माझं नाव?"

"राहून गेलं, सर."

"राहून गेलं." सरांनी ते दोन शब्द पुन्हा उच्चारले, एखादा अनोळखी किडा भिंगाखाली धरून पाहावा तसे. मी तोंड उघडणार होते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मिठाची गुळणी धरली. सरांनी भिंग रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं. लेख तिच्याकडे सरकवला. "पानं तपासून घे," एवढं म्हणाले आणि काठी टेकत गेले. ती खरंच पानं तपासत बसली. एकेक उलटत, शेवटपर्यंत. तिच्या हातांना दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

त्यानंतर सर ग्रंथालयात आले नाहीत. ती दोनदा त्यांच्या घरी गेली. सून दारातूनच म्हणाली, झोपलेत. मला राग सरांचाही आला. इतक्या वर्षांच्या पोरीला एवढं ओळखलं नाहीत? पण सरांचंही काय चुकलं? माणसानं आयुष्यभर एके ठिकाणी बसून वाचावं आणि शेवटी त्या ठिकाणानं म्हणावं, इथं कोणी वाचत नव्हतं. तेही तिच्या तोंडून.

ती निवृत्त झाली. लांबट खोलीतली अर्धी कपाटं हलवून तिथं परीक्षेचे गठ्ठे ठेवायला लागले. सर पुढच्या वर्षी गेले. ती अंत्यदर्शनाला सगळ्यात मागे उभी होती, लांबच्या ओळखीची असल्यासारखी. मग तिचंही हृदय थकलं. पायांना सूज, दोन पावलं चाललं की धाप. घरातल्या पलंगावर उशांना टेकून बसायची आणि आल्यागेल्याला पाणी हवंय का विचारायची.

धाकटीचा फोन आला. "ताई म्हणतेय, सरांचा शेवटचा लेख आलाय म्हणे कुठेतरी. तिला कोणी सांगितलं. तुमच्याकडे निघेल का?"

निघाला. सर गेल्यावर छापून आला होता आणि आमचं कॉलेज अजून संघात होतं, आलेख ताडमाड. करार मला पाठ होता. निवृत्तांना द्यायचं नाही. मी मोठ्या टायपात छापला आणि मशीनपाशी उभी राहूनच आधी शेवटचं पान पाहिलं, तिच्यासारखंच. आभार होते. सूनबाईंचे, टंकलेखनासाठी. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्याचे. ओढ्यापर्यंत गाडीनं नेणाऱ्या शेजाऱ्याचे. डबक्याचा रस्ता दाखवणाऱ्या एका गुराख्याचेसुद्धा. ती नव्हती. मी तीनदा वाचलं. नव्हतीच.

मी ते पान काढून खणात टाकलं आणि बाकीचे कागद घेऊन गेले.

तिनं ते दोन्ही हातांनी घेतले. "मोठी अक्षरं केलीस. शहाणी आहेस." मग सवयीनं मागून उघडले. तिची बोटं थांबली. तिनं पहिलं पान पाहिलं, तिथं वर लेख कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत ते छापलेलं असतं. पुन्हा शेवट पाहिला.

"शेवटचं नाहीये गं."

"मशीनमध्ये अडकलं बहुतेक," मी म्हटलं. "उद्या आणून देते." खोटं बोलायची मला चांगली सवय आहे, पण तिच्यासमोर माझा आवाज कधीच साथ देत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीकडे पाहिलं, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीकडे पाहिलं, पण तिची नजर हलेना. मग तिनं मान हलवली, हळूच, एखाद्या वाचकानं सांगितलेलं कारण मान्य करावं तशी.

"राहू दे ते पान," ती म्हणाली. "नको आणूस."

"अगं, पण अपुरं—"

"राहू दे." मग आतल्या खोलीकडे पाहून तिनं हाक मारली, "धाकटे, सुईदोरा आण गं माझा. आणि चष्मा."

धाकटीनं सुईत दोरा ओवून दिला. पोस्टमास्तरणीच्या हातात जोर नव्हता, म्हणून मी कागद सरळ धरून बसले, आणि तिनं तो अपुरा लेख शिवला.